पाचव्या माळेचं तेल

पाचव्या माळेला सकाळीच, तारखेच्या चार दिवस आधी, मला पाळी आली आणि मी देवीवर मनातून चिडले. तिला दुसरा दिवस सापडला नव्हता का, असंच वाटलं. सासूबाई यवतमाळच्या दवाखान्यात, दुपारी त्यांचं पोटाचं ऑपरेशन. घरचे सगळे तिकडे. जाताना त्या बजावून गेल्या होत्या, "घटाचा दिवा शांत होऊ देऊ नोको व, माहा जीव त्याच्यात हाये."

आमच्याकडे कावळा शिवला की बाईला देवघर बंद. एरवी शेजारच्या काकूंनी तेल घातलं असतं, पण सोयाबीनची सोंगणी सुरू होती आणि सारी आळी वावरात गेली होती. मी उंबरठ्याबाहेर बसून दिव्याकडे पाहत होते. तेल तळाला गेलं होतं. हात लावला आणि ऑपरेशनमध्ये काही झालं तर खापर माझ्या माथी. नाही लावला तरी तेच. कॉलेजात जीवशास्त्रात पहिली आलेली मी, पण त्या उंबरठ्यापुढे सगळं शिक्षण गळून पडलं.

तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारी पाणी मागायला थांबली. हातात विळा, दंडांवर पांढऱ्या बांगड्या. बंजारा तांड्यावरून सोंगणीला निघालेली. मी पाणी दिलं आणि रडतच म्हटलं, "आजी, दिव्यात तेवढं तेल घालता का? मले अडचण हाये."

तिने आधी शांतपणे पाणी संपवलं. मग म्हणाली, "आमी आईले याडी म्हनतो. हे तुही याडीच न? मंग याडीले लेकीचा कायचा विटाळ व?"

"भेव लागते," मी म्हटलं.

"लागू दे. भेत भेत ओत."

मी भीत भीतच ओतलं. अर्धं तेल खाली सांडलं. ज्योत वर आली तशी म्हातारीने बाहेरूनच हात जोडले आणि वाटेला लागली. अक्षराची ओळख नसेल तिला, पण तिच्याएवढी शहाणी बाई मी पाहिलेली नाही. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. सासूबाई घरी आल्यावर मी सगळं सांगून टाकलं आणि बोलणी खायला तयार राहिले. त्यांनी हात धरून मला जवळ बसवलं. मग म्हणाल्या, "माह्यावर अशीच पाळी आलती. मी हात नाही लावला. दिवा शांत झाला, मंग चोरून काडी लावली. तवापासून घरात काही वाईट झालं का वाटे, माह्यानंच झालं."

एवढं ओझं घेऊन ही बाई आयुष्यभर हसत वावरली.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. ऑपरेशन डॉक्टरांनीच केलं. पण भीती संपल्यावर देवीपुढे जायचं नसतं, भीतीसकट जायचं असतं, हे तिने मला त्या म्हातारीच्या तोंडून सांगितलं, असं मी मानते. देवीचे हे उपकार फिटायचे नाहीत.

दरवर्षी घट बसायच्या आधी सासूबाई माझी तारीख विचारायच्या आणि पाळी लांबवायची गोळी मागवायच्या; गेल्या वर्षी ती सुरू करायच्या आतच पाळी आली होती. यंदा त्यांनी विचारलं नाही.