यकृतात अडकलेली साखर

एकसष्ट-बासष्टच्या सुमारास मी नागपूरला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होते. किरणोत्सारी कार्बन असलेली साखर उंदरांना टोचायची, काही वेळाने उंदीर मारायचा, त्याचं यकृत पोटॅशच्या द्रावात उकळायचं. त्यात अल्कोहोल ओतलं की पांढरा साका खाली बसे. तो ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने उपाशी वेळेसाठी राखून ठेवलेल्या साखरेचा. साका वाळवून मोजणीयंत्राखाली ठेवला की टकटक ऐकू यायची. टोचलेली साखर कुठे जाऊन बसली, ते त्यावरून कळायचं.

उन्हाळ्यात मी दिग्रसला ताईकडे गेले. भाऊजी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. त्यांची मुलगी दीड वर्षाची. गाल गुबगुबीत, हातपाय काड्या, पोट मात्र पुढे आलेलं. सकाळी ती घामाने चिंब असायची, डोळे फिरवायची. दूध पोटात गेलं की सावरायची. शेजारणी म्हणत, मुडदूस आहे. मी पोट चाचपलं. यकृत बेंबीच्या खाली उतरलं होतं. हे मुडदूस नाही, अशी मला शंका आली.

तिघांना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात गेले. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "यकृतात साखर साठते, पण सुटत नाही. दिवसरात्र थोडं थोडं भरवत राहा. यावर औषध नाही."

बाहेर व्हरांड्यात ताईने मला धरलं. "तुह्या उंदराची साखर कुठं गेली ते तुले समजते. मंग माह्या लेकीची काहून नाही समजत?"

"समजते, ताई. लिव्हरातच आहे. बाहेर येत नाही."

भाऊजी पुढे झाले. "कुठं तुंबलं ते समजलं, तं खोलता काहून येत नाही?"

"अजून कोणालेच येत नाही, भाऊजी."

ताईने पेज भरवून भरवून ते लेकरू वर्षभर जगवलं. स्वतः वाळून गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा गावात गोवर होता. मुलीला ताप चढला, पोटात काही ठरेना. आम्ही यवतमाळची एस.टी. धरली. दारव्ह्याच्या अलीकडे पोर गार पडत गेली. ताई साखरपाण्याचा चमचा ओठांना लावत होती. पाणी गळ्यावरून ओघळत होतं. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी पापणी उघडून पाहिली आणि मान हलवली.

दिग्रसला परत आणून तिला पुरलं. वस्तीतल्या लोकांनी बुद्धवंदना म्हटली. भाऊजींनी माती लोटली, कोणाला हात लावू दिला नाही.

ताईला तेव्हा चौथा महिना होता. मी निघताना तिने विचारलं, "ह्याचंबी तसंच होईन का?"

"होऊ शकते."

"आधी नाही सांगता येत?"

"नाही."

ती आत निघून गेली. भाऊजी मला स्टँडवर सोडायला आले.

मुलगा झाला, धडधाकट. पण चालायला लागेपर्यंत ताईने त्याला कोणाच्या मांडीवर दिलं नाही. माझ्याही नाही.