अक्काचा ओला राघू

धामणगावहून माणूस आला तो ओट्याशीच उभा राहिला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर म्हणाला, "पाणी नको, बाई." आमच्या वऱ्हाडात असं पाणी नाकारणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नाही, मयताचा निरोप आणणारा त्या घरचं पाणी पीत नाही. मी तांब्या खाली ठेवला. "काल पहाटे. ताप होता," एवढंच सांगून तो नांदुऱ्याची मोटार गाठायला वळलासुद्धा. माझी थोरली बहीण सुभद्रा, आमची अक्का, गेली. जळगाव जामोदहून धामणगाव बढ्याला मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तोंड पाहायला मिळालं नाही याचा मला अजून राग आहे. कोणावर, ते मात्र सांगता येत नाही.

घरात शिरले तशी पाय आपसूक मागच्या खोलीकडे वळले. तिथे दोरीवर तो पांढरा गंजीफ्रॉक होताच. पाठ आपल्याकडे, आणि पाठीवर हिरवागार राघू... वर्षानुवर्षं तो तसाच टांगलेला. खिडकीतून वारा आला की हलायचा, आणि वाटायचं, कोणी पोरगा भिंतीकडे तोंड करून रुसून उभा आहे, आत्ता वळेल. त्या खोलीत मी कधी एकटी झोपले नाही. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, पण आधी तिथे एक दुपार बसून यावं.

अक्काची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरं जगलं, म्हणून त्याचं नाव दगडू. दगडाला कोण दृष्ट लावणार? अशा पोराच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, चार घरचं मागून आणलेलं जुनेर घालायचं, अशी आमच्याकडे रीत. अक्काची सासू रीतीला भारी घट्ट. पोरगं चांगलं हिंडतं-फिरतं झालं तरी दुसऱ्यांची विटकी कुडती घालून हिंडायचं. एकदा अक्काच्या धाकट्या दिरांनी, किसनभाऊजींनी, मलकापूरच्या बाजारातून पुतण्यासाठी गंजीफ्रॉक आणला. तेव्हा ती मोठी नवलाई होती. दगडूनं तो छातीशी धरला न धरला तोच आजीनं ओढून घेतला. पोर दिवसभर रडलं. दुसऱ्या दिवशी अक्का सासूला म्हणाली, "कोरा चालत नाही ना? मग मी कोरा ठेवतच नाही."

सासऱ्यांच्या कापसाच्या गाडीबरोबर ती एकदा मलकापूरला गेली होती. तिथे कापूस दाबायच्या प्रेसात गठाणींवर कापलेल्या पत्र्यातून काळ्या शाईची अक्षरं उमटवतात, ते तिनं गाडीत बसल्या बसल्या पाहिलं होतं. अक्काचं असंच, एकदा पाहिलं की हातात उतरलं. लुगड्याच्या घडीतला जाड पुठ्ठा घेतला, जवसाचं तेल पाजून दोन दिवस उन्हात कडक केला, आणि न्हाव्याच्या जुन्या वस्तऱ्यानं त्यात राघू कापला. चोच निराळी, पंख निराळा, मध्ये पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या राखलेल्या, नाहीतर सगळा राघूच गळून पडायचा. गंजीफ्रॉक पाटावर ताणून बसवला, आत केळीचं पान घातलं म्हणजे रंग पुढच्या बाजूला उतरत नाही, आणि जवसाच्या तेलात खललेला हिरवा रंग चिंधीच्या बोळ्यानं टिपून टिपून भरला. "घासायचं नाही वं," मला सांगायची, "घासलं का रंग पुठ्ठ्याखाली घुसते अन् राघूची कोंबडी होते." सावलीत दोन दिवस वाळवला, वर फडकं घालून निखाऱ्याच्या तांब्यानं शेकला. राघू पाठीवरच का, तर पोराला मागून पाहणाऱ्याची नजर आधी राघूवर पडावी आणि तिथेच जिरावी. सासूला यात खोट काढता येईना. तेव्हापासून दर दिवाळीला नवा गंजीफ्रॉक, आणि राघू तोच. पोरगं वाढत गेलं, राघू पाठीवर लहान लहान होत गेला.

दगडूला मिसरूड फुटली, यमुनाशी लग्न झालं. कोवळी पोर होती ती, अक्काच्याच पदराखाली वाढली. आणि मग लढाई लागली. गावोगाव पलटणीची भरती सुरू होती, आमचा शहाणा दगडूही नाव देऊन आला. बसऱ्याकडे जायचं म्हणे. बसरा कुठे आला हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. अक्कानं त्याच्याशी बोलणं टाकलं. जायच्या आधी तो नवा गंजीफ्रॉक घेऊन तिच्यापाशी आला, "माय, राघू काढून दे ना." ती म्हणाली, "मले वेळ नाही." मी तिथेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला, आणि वेशीपर्यंत त्याची ती कोरी पांढरी पाठ आम्ही दोघी पाहत राहिलो. वळून पाहील असं वाटलं होतं, पण त्यानं पाहिलं नाही... पुढे एकदा कुशल कळलं, मग काहीच नाही. ना माणूस, ना मयत.

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळायचा, क्रिया करायची, असं आपलं शास्त्र. बारा वर्षं भरली तशी भाऊबंदांची कुजबुज सुरू झाली. घरात कोणाचं दुखलं-खुपलं की बोट दगडूकडे, क्रियेवाचून पोराचा जीव अडकून पडला म्हणून. शेवटी जोशीबुवांना बोलावून बैठक भरली. अक्का दाराआडून म्हणाली, "करा. पण माहा लेक कोरा गेला. त्याले कोरा जाळू नका. मी राघूचा गंजीफ्रॉक करून देतो, पुतळ्याले तो घाला. रंग वाळला का क्रिया करा." यात वावगं काय होतं? सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि तो रंग वाळेना. सर्वपित्रीला भाऊबंद जमायचे, किसनभाऊजी दारातून विचारायचे, "वहिनी, रंग वाळला काय?" आतून उत्तर यायचं, "नाही वाळला, भाऊजी." मग "मग थांबू" म्हणून सगळे उठायचे. पुढल्या वर्षी तेच, त्याच्या पुढल्या वर्षी तेच. गाव म्हणे, सुभद्रेचं डोकं फिरलं, रोज रंगाचा नवा हात देत असेल. मीही तसंच समजत होते. एका दुपारी मी तिला त्या खोलीत दोरीपुढे बसलेली पाहिलं. "इकडे फिर ना रे," ती म्हणत होती, "काऊन फिरून राह्यला नाही? दिला ना आता काढून..." मी म्हटलं, "अक्का, त्याले मोकळं कर आता." तिनं माझ्याकडे पाहिलं. डोकं फिरलेल्या बाईची नजर नव्हती ती. म्हणाली, "तू चूल पाह्य."

तेरवीच्या आदल्या दिवशी मी धीर करून त्या राघूला हात लावला. अक्का आठवडाभर तापात होती, तिला जाऊन इतके दिवस झालेले, म्हणजे रंग केव्हाच वाळायला हवा होता. बोट हिरवं झालं. पुसायला म्हणून पदर घेतला, आणि वास आला. एरंडेल... गाडीच्या आसाला घालतात ते. जवसाचं तेल वाळतं, एरंडेल जन्मात वाळत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. अक्कानं रोज हात दिलाच नव्हता. तिनं एकदाच रंग खलला होता, आणि तो वाळायचाच नाही हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी तिथेच खाली बसले. ही मागची खोली म्हणजे अक्काचीच. ती पंचविशीत विधवा झाली. घरात हळदीकुंकू असलं, ओटी भरायची असली, की ती आपणहून उठून या खोलीत येऊन बसायची, बाहेर बायकांचं हसणं ऐकत. या घरात पाट लावत नाहीत, विधवेचं दुसरं लग्न होत नाही. पुतळा जळला असता तर त्याच दिवशी यमुनाचं कुंकू पुसलं गेलं असतं, बांगड्या फुटल्या असत्या, आणि तीही इथे येऊन बसली असती, जन्मभर. लेक गेला हे अक्काला कळलं होतं की नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही. मला वाटतं, दुपारी तिला तो येणार असं वाटायचं आणि संध्याकाळी तो गेला असं. पण सून समोर होती, जिवंत होती. आणि मी, तिची सख्खी बहीण, तिला वेडी समजत होते.

किसनभाऊजी गोठ्यापाशी होते. मी त्यांना हिरवं बोट दाखवलं. म्हटलं, "भाऊजी, हे एरंडेल हाय." त्यांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही. "मले ठाऊक हाय," ते म्हणाले. "चाकाले वंगण मीच घालतो ना. पहिल्याच वर्षी वास आला."

"मग दरसाल विचारत काऊन होते?"

"कोनी तरी विचारलंच असतं. म्हणून मीच विचारलं."

तेरवीला भाऊबंद जमले. एका थोरल्यानं विषय काढलाच, "बाई गेली. आता पोराचंही उरकून घ्या." किसनभाऊजींनी आत तोंड करून हाक मारली, "यमुने, रंग वाळला काय?" आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. यमुना उठली, मागच्या खोलीत गेली, आणि उंबऱ्यापाशी येऊन तिनं हात पुढे केला. बोटाचं टोक हिरवं होतं. "नाही वाळला, काकाजी."

"मग थांबू," भाऊजी म्हणाले. जोशीबुवा पंचांगाच्या दोरीशी चाळा करत खाली पाहत होते. त्यांच्याही दारात गाडी आहे. मी लिहिलेलं हे छापून आल्यावर गावात कळेल, असं आमच्या घरी म्हणतात. कोणाला कळायचं राहिलं आहे, हे मला पाहायचंच आहे. पंक्तीत तूप यमुनानं वाढलं. सबंध ओसरीवर तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता, आणि कोणी मान वर केली नाही.

पण दगडूला आम्ही कोणी सोडवलं नाही, हेही खरंच. अक्कानं नाही, भाऊजींनी नाही, मी नाही. पानं उचलून झाल्यावर मी एकटी मागच्या खोलीत गेले. तो तसाच भिंतीकडे तोंड करून होता, जरासा हलत. मी दार लोटलं, जवळ गेले, आणि हळूच त्याला म्हटलं, "दगडू, यमुना हाय तोवर थांब रे बाप्पा."