पाचव्या घरचा कडू घास

बोरखेडीत चांगुणाबाईशी भांडण न झालेलं घर शोधायचं म्हटलं तर एक मारुतीचं देऊळ सापडलं असतं, आणि तिथंही पुजाऱ्याशी तिची एकदा जुंपलेली होतीच. बाई तोंडाची फटकळ. हापशावर बोलली की वेशीपर्यंत ऐकू जायचं. कंधारच्या बाजारात तिला लांबून येताना बघितलं की वांगेवाला किडकी वांगी आपणहून बाजूला काढायचा. उगीच सकाळी सकाळी शोभा कशाला करून घ्या!

पण गावात कुणाचं माणूस गेलं, की सगळे याच बाईची वाट बघायचे.

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. मातीला गेलेली माणसं परत येतात, अंगणात कडुलिंबाचा पाला चावतात, अंघोळी होतात, आणि मग भाऊबंद, शेजारीपाजारी आपापल्या घरून बेसन-भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. आता भाकरी काय, कुणीही थापतं. खरं अवघड असतं ते खाऊ घालणं. लोक टोपलं ठेवतात, "दोन घास खाऊन घ्या" म्हणतात आणि डोळ्यांना पदर लावून निघून जातात. दुःखात बुडालेलं माणूस त्या टोपल्याकडं बघतसुद्धा नाही. चांगुणाबाई निघून जात नसे. ती फतकल मारून समोर बसायची, भाकरी मोडायची, पहिला घास स्वतःच्या तोंडात घालायची आणि दुसरा समोरच्याच्या. तोंडाचा पट्टा चालूच. गुरुलिंग वाण्याची बायको वारली तेव्हा तो दुकानाचं दार लावून आत बसला होता. चांगुणाबाईनं दारावर थापा मारल्या. "आरं, बायको गेली, तुझं पोट गेलं का तिच्यासंगं? उघड! मलाबी भूक लागलीय." गुरुलिंगानं दार उघडलं. दोघांनी बसून भाकरी खाल्ली. पुढच्याच महिन्यात गुळाच्या भावावरून दोघं असे भांडले की बघणाऱ्यांना वाटावं यांचं सात पिढ्यांचं वैर आहे.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. तिचा नवरा ऐन तरणेपणी गेला, तेव्हा तिचा पोरगा बजरंग अंगावर पीत होता. त्या दिवशी तिच्याही दारात टोपली आली होती. कुणी बसलं मात्र नाही. तिला भूक लागली होती, अंगावर पिणाऱ्या पोराच्या आईला लागणारच, पण नवऱ्याची राख गार व्हायच्या आत आपल्याला भूक लागते याचीच तिला लाज वाटत राहिली. उपाशीच तिनं ती रात्र काढली. तेव्हापासून गावातल्या कुठल्याही बाईला तिनं तसं बसू दिलं नाही.

बजरंग मोठा झाला, बाजार समितीत नोकरीला लागला, राजश्री सून म्हणून आली आणि देविका झाली. नात आजीच्याच वळणावर गेली, म्हणजे कुणाला ऐकायची नाही. शाळेत खो-खो खेळायला लागली तेव्हा चांगुणाबाईनं घर डोक्यावर घेतलं होतं. पोरीच्या जातीनं चड्डी घालून गावाम्होरं पळायचं म्हणजे काय! मग एकदा शिव्या घालायला म्हणून ती मैदानावर गेली. देविकानं खांबाजवळ सूर मारून एका पोरीला बाद केलं, आणि पंचांनी ते दिलं नाही. झालं. आजी थेट मैदानात! पंचांची जी काही उतरवली ती ऐकून पाहुण्या संघाचे मास्तरही हसायला लागले. त्या दिवसापासून देविकाची चड्डी तीच धुवायची आणि मुद्दाम रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालायची.

त्या हिवाळ्यात पोरी लातूरकडं मुरुडला स्पर्धेला गेल्या आणि जिंकल्या. गावातल्याच शिवशंकरची जीप होती. परत येताना, दिवस बुडल्यावर, अहमदपूर सोडून पुढं आल्यावर रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. तिला दिवा नव्हता. चार पोरी जागेवर गेल्या. त्यात देविका होती. शिवशंकरही गेला. बाकीच्या पोरी लातूरच्या आणि नांदेडच्या दवाखान्यात होत्या.

दुसऱ्या दिवशी चार चिता शेजारी शेजारी पेटल्या. शिवशंकरची माती त्याच्या शेताच्या कडेला, मोजक्या माणसांत उरकली.

बोरखेडीनं एवढी माणसं जत्रेतही बघितली नव्हती. कंधारची बाजारपेठ बंद राहिली. नांदेडात शाळकरी पोरांनी मेणबत्त्या घेऊन मोर्चा काढला. हिमायतनगरहून एक तालीम मंडळ आलं आणि कुणाला काही न विचारता मांडव घालून, पाण्याच्या टाक्या भरून गेलं. चौकाचौकात चार पोरींचे हसरे फोटो लागले. पुढारी आले, वाकले, गेले. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि सगळ्यांना हात जोडत होती. तिच्या आयुष्यात इतका वेळ ती कधी गप्प बसली नव्हती.

अंतिम सामन्यात हरलेला मुरुडचा संघही आला. पोरी खेळायच्याच कपड्यांत होत्या. ओळीनं आल्या, पाया पडल्या. त्यातली एक किडकिडीत पोरगी पाय धरूनच बसली. "आज्जी, तिनं मला दोन्ही डावांत आउट केलं. मला लई राग आला होता तिचा." चांगुणाबाईनं तिला जवळ ओढलं. "यायचाच राग, बाई. लई आगाऊ होती ती," ती म्हणाली, आणि त्या सगळ्या दिवसात तेवढंच बोलली.

घरात भाकऱ्यांची चळत लागली होती. सगळं गाव लोटलं होतं. बेसन, वरण, ठेचा, कुणी खिचडीचं पातेलंच आणलेलं. बजरंगानं आणि राजश्रीनं कसेबसे दोन घास गिळले. चांगुणाबाईच्या घशाखाली मात्र काही उतरेना. गुरुलिंग वाणी स्वतः येऊन बसला. त्यानं तिच्यासारखंच फटकळ बोलून बघितलं, पण त्याला ते जमेना, त्यालाच रडू फुटलं. घास तोंडात फिरायचा आणि ती तो पदरात काढून ठेवायची.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली. दुपारी बाया बसल्या होत्या. चांगुणाबाईनं एकदम विचारलं, "शिवशंकरच्या घरी कोन गेलं भाकरी घिऊन?"

एकीनं पायाखालची सतरंजी नीट केली.

"मी विचारून राहिले. त्याच्या बायकूला, अयोध्याला, कुनी घास दिला का न्हाई?"

"काकू, कोन जाईल?" शेवटी एक जण म्हणाली. "आदल्या रातभर लग्नाचं भाडं मारून आला व्हता म्हनं तो. डोळा लागला आसंल. लोकं तर पेला व्हता म्हनत्यात. तिच्या म्हायेरची मान्सं मातीला आली, लोकांच्या नजरा बघितल्या आन् तशीच माघारी गेली."

शिवशंकर पिणारा नव्हता, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, गावाला अर्ध्या रात्री त्याचीच जीप आठवायची. पण दुःखाला कुणीतरी धरायला लागतं, आणि ट्रॉलीवाला पळून गेला होता.

चांगुणाबाई उठली. टोपल्यातल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वाटीत बेसन घेतलं. बजरंग दारात उभा होता. तो आईसमोर कधी आवाज चढवत नसे.

"कुठं निघालीस, माय?"

"तुला कळलंय कुठं ते."

"न्हाई जायाचं." त्यानं दाराची चौकट धरली. "माझी लेक गेली त्याच्या पायी. तू त्याच्या घरी भाकर नेनार? त्या घराची पायरी चढलीस तर माघारी ह्या घरात येऊ नको. सांगून ठिवतो."

एकुलता एक पोरगा. त्याच्यासाठी तिनं उभा जन्म लोकांच्या रानात खुरपं धरलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली. खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत होतं असं तिलाही वाटलं नाही. तरी ती त्याच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडली.

पारावर सरपंच अमृतराव बसले होते. ते गडबडीनं उठून आडवे आले. "काकू, आवो सुतकातल्या घरचं अन्न दुसऱ्याच्या घरी न्हेत न्हाईत."

"तिच्याबी घरी सुतकच हाय का न्हाई? का ते तुमच्या गावात धरत न्हाईत?"

अमृतरावांनी वाट सोडली. मागं कुजबुज सुरू झाली, पण मागून कुणी आलं नाही. चालता चालता चांगुणाबाईच्या मनात भाकरीचं काहीच नव्हतं. मनात शिव्या होत्या. डोळे उघडे ठेवून गाडी हाकता येत नव्हती का मुडद्याला? माझी कवळी पोर सोपवली होती त्याच्या हाती. दारात गेल्यावर तोंडातून काय निघेल, शिवी की 'खा बाई', हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अयोध्या बसली होती, मांडीवर लहान लेक झोपलेली. चांगुणाबाईला बघताच तिनं लेकीला खाली ठेवलं आणि सरपटत येऊन पाय धरले.

"मारा मला काकू. तुमाला हक्क हाय. मी आवाजबी काढनार न्हाई."

तिचा आवाज घोगरा झाला होता, पण डोळे कोरडे होते. तीन दिवस ती मोठ्यानं रडलीच नव्हती. ज्याच्यामुळं चार घरं बसली त्याच्या नावानं टाहो कसा फोडायचा? गावानं ऐकलं तर? नवरा मेला होता, आणि बाईला त्याच्यासाठी रडायची लाज वाटत होती.

ते बघितलं आणि चांगुणाबाईनं तिचे दोन्ही दंड धरले.

"उठ," ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला मी माफ केलं न्हाई. करीन का न्हाई ते मला ठाव न्हाई, तू विचारूबी नको. पन तू काय गाडी हाकत नव्हतीस. कवा खाल्लंस?"

अयोध्यानं मान हलवली.

"पोरीनं?"

"बिस्कुटं व्हती. ती दिली."

चांगुणाबाई खाली बसली. फडकं सोडलं, भाकरी मोडली, बेसनाला लावून अयोध्याच्या तोंडापुढं धरली. अयोध्यानं तोंड फिरवलं. "तुमच्या घरची भाकर मी कोन्या तोंडानं खाऊ?"

आता पहिला घास आपल्यालाच खावा लागणार, हे चांगुणाबाईच्या ध्यानात आलं. तिनं तो तोंडात घातला. तो तसाच फिरू लागला, घशाशी जाऊन माघारी यायला लागला. समोरची बाई टक लावून बघत होती. पदरात काढून ठेवायची सोय नव्हती. चांगुणाबाईनं डोळे मिटले आणि जीव खाऊन तो गिळला. तो उतरला, आणि त्याच्यामागून तीन दिवसांचं सगळं वर आलं. देविका, देविका म्हणत ती ओरडली. अयोध्यानं तिला मिठी मारली आणि तिच्याही तोंडून पहिल्यांदा नवऱ्याचं नाव निघालं. दोघींचं रडणं गल्लीच्या पार टोकापर्यंत गेलं. पोरगी उठली आणि घाबरून तीही रडायला लागली.

रडता रडता चांगुणाबाईला जोराचा ठसका लागला. अयोध्या पाण्याला धावली. रांजण पालथा, घागर कोरडी. नळावर जायची तिची छाती झाली नव्हती आणि भरून देणारं कुणी आलं नव्हतं. ती रिकामा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. चांगुणाबाईचा ठसका थांबेना, डोळे पांढरे व्हायला आले. तोंड दाबून ती दाराकडं वळली, तर समोरच्या लिंबाखाली बजरंग उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. तिनं बघितलं तसा तो वळून चालता झाला.

गेला, असं तिला वाटलं. शेजारच्या घराची कडी वाजली, कुणीतरी काहीतरी बोललं, बजरंगाचा चढलेला आवाज ऐकू आला. मग भरलेली घागर उंबऱ्याच्या आत टेकली. पाणी हिंदकळून त्याचा सदरा ओला झाला होता. त्यानं अयोध्याकडं बघितलं नाही, आईकडंही बघितलं नाही. घागरीकडं बघतच तो म्हणाला, "माय, पानी पी. आन् त्या दोघींनाबी दे."

अयोध्यानं तांब्या बुडवून चांगुणाबाईच्या तोंडाला लावला. पोरीनं आपणहून भाकरीचा तुकडा उचलला.

"बजरंग," चांगुणाबाईनं हाक मारली. "चल रे. निघू का आपुन?"

तो पायरीवर दाराकडं पाठ करून बसला होता. त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"गडबड करू नको. त्येंचं खानं होऊ दे पोटभर," तो म्हणाला. "मी बसलोय हितं."