गॉल्टला घर असलेला माणूस

आम्ही दोघं खिडकीशी मेथी निवडत होतो. एवढंच. मी काड्याही पानांत टाकायचो आणि ही, म्हणजे माझी बायको, चिडायची. त्या दिवसाची आठवण निघाली की आधी ती मेथीच दिसते. केस नंतर.

शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण सातवी. नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो. ही पेन्शनीतली, केंब्रिजमधली (विलायतेतलं विद्यापीठवालं नव्हे, हे दुसरं), विसरत नाही. मुलगा इथे मोटारीच्या कारखान्यात आहे, म्हणून आम्ही इथे.

खबर हिनेच दिली. "अहो फौजदार, बसस्टॉपवर बघा. म्हातारा बर्फात स्लिपर घालून उभा आहे."

आत आणला. गोरा, माझ्याहून थकलेला, हातात ब्रेडचं पाकीट. "शी इज वेटिंग. शी कान्ट गेट अप," एवढंच म्हणे. म्हणजे घरी बायको अंथरुणाला खिळलेली, आणि एकटी. नाव विचारलं की ब्रेड दाखवायचा.

सूनबाईने पोलिसांना फोन केला. मी सवयीने विचारलं, "हद्द कोणाची?" आमच्याकडे आधी तोच वाद. ओढ्यातलं प्रेत दोन ठाणी एकमेकांकडे ढकलत बसायची.

"बाबा, इथे रीजन असतं. तीन शहरं, चार गावं, सगळ्यांना मिळून एकच पोलीस."

"मग भांडतात कोणाशी?"

"बायकोशी," ही म्हणाली.

पोलीसबाई आली. तरुण, देशाच्या दुसऱ्या टोकाची, व्हँकुव्हरची, इथे नवी. तिने शांतपणे विचारलं, "केंब्रिजमध्ये राहता का?"

"नो. नेव्हर!" म्हातारा ठणकावून बोलला.

झालं. बाईने वायरलेसवर रीजनमधल्या बाकीच्या दोन शहरांत, किचनर आणि वॉटर्लूत, चौकशी लावली. मलाही पटलं. खोटं बोलणाऱ्याची नजर मला कळते, आणि हा खोटं बोलत नव्हता.

हिने मेथी बाजूला सारली. "अहो, आपली निंबोडी महापालिकेत गेली, म्हणून तुम्ही कधी स्वतःला पुण्याचे म्हणवता का? पाहुण्याला आपण आधी गाव विचारतो. हे केंब्रिजही असंच गावं गिळून झालं असेल. त्याआधी त्याचं गाव कोणतं होतं, ते विचारा."

सुनेने इंग्रजीत विचारलं. म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. "गॉल्ट!" मग थांबेना. गॉल्ट, प्रेस्टन, हेस्पेलर ही वेगळी गावं होती. पन्नासेक वर्षांपूर्वी सरकारने ती एकत्र करून केंब्रिज केलं, ह्याला कोणी विचारलं नाही. नदीकाठचं चर्च, मागची गल्ली, हिरवा दरवाजा. ब्रेड आणायला निघाला आणि चुकीच्या बसमध्ये बसला. रीजनमध्ये आता जगभरची माणसं भरली, आमच्यासकट, पण त्याचं गाव तेच राहिलं. उत्तर खरं होतं, प्रश्न चुकला होता.

पोलीसबाई त्याला घेऊन गेली. संध्याकाळी तिचा फोन आला. त्याची बायको पलंगाशेजारी पडलेली सापडली. जिवंत.

"आता पेन्शन माझ्या नावावर करा," ही म्हणाली. जेवताना भाजीत एक काडी निघाली, ती उचलून तिने माझ्या ताटात ठेवली.

त्या रात्री ही झोपेतच गेली.

घरात असं मरण आलं की इथे पोलीस येतात. सकाळी तीच बाई आली. टोपी काढून बसली. हळू आवाजात विचारलं, "व्हेअर वॉज शी फ्रॉम?"

"पुणे," मुलगा म्हणाला.

मी त्याला थांबवलं. नोकरीभर माणसांना पत्ते विचारले, गाव विचारायचं हिने शिकवलं, तेही शेवटच्या दिवशी. "निंबोडी," मी म्हणालो. बाईला कळेना. सावकाश पुन्हा सांगितलं.

ती गेल्यावर खिडकीशी बसलो. मेथीची अर्धी जुडी उरली होती. निवडली. काड्या वेगळ्या काढल्या.