उभ्या गाड्याही मोजा

"काचेचंच भरा, मॅडम. आता काही पाहत बसू नका," रामटेके भाऊ म्हणाले. "पाच वाजता साइट बंद होऊन राहिली."

कल्पना मॅडमनी चष्मा वर केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. जेवणाची वेळ नुकतीच झाली होती. "वेळ आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "दीदी, चहा ठेव."

मी चहा ठेवला. भाऊंची मुलगी प्रज्ञा खुर्चीच्या टोकावर बसली होती. ती आल्यापासून एक शब्दही बोलली नव्हती. ती मला लगेच आपली वाटली, कारण मीही अशीच बसते.

आमचं ऑफिस शंकर नगरात एका मेडिकल दुकानाच्या वर आहे. दोन खोल्या, मधे पडदा आणि एक कूलर. मॅडम कॉलेजात शिकवून रिटायर झाल्या आणि त्यांनी हे काम काढलं. बारावी किंवा बीएस्सी झालेली मुलं आईवडिलांना घेऊन येतात आणि कोणत्या विद्यापीठात जावं ते विचारतात. मी ऑफिस उघडते, झाडते, पाणी भरते, झेरॉक्स काढते, फायली लावते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी लोकांसमोर बोलत नाही, पण ऐकायला मला आवडतं. इतकी वर्षं पडद्याच्या अलीकडे ऐकून ऐकून मला या कामातलं थोडंफार समजायला लागलं आहे. समजलं नाही तर मॅडमना चहाच्या वेळी विचारते. त्या कधी हसत नाहीत.

प्रज्ञाला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायचं होतं. तीन विद्यापीठांत तिचा नंबर लागला होता आणि तिन्हीकडे तोच शेवटचा दिवस होता. मूळ टीसी एकाच ठिकाणी द्यावी लागते, म्हणून जागा एकच पक्की करता येते. बाकीच्या दोन गेल्या की गेल्या. तिसरं विद्यापीठ फार लांब होतं, ते सकाळीच मागे पडलं. राहिली दोन. नावं मी लिहीत नाही. एकाच्या ब्रोशरवर काचेची मोठी इमारत होती, त्याला सगळे काचेचं म्हणत होते. दुसरं जुनं, सरकारी. त्याच्या ब्रोशरवरचा फोटो इतका पुसट होता की इमारत आहे की झाड ते कळत नव्हतं.

"रँक पाहा ना," भाऊ म्हणाले. त्यांनी मोबाइल पुढे केला. "काचेचं वर आहे, जुनं बरंच खाली. यात समजायचं काय आहे?"

रँक म्हणजे दरवर्षी सगळ्या विद्यापीठांचा नंबर लावतात तो. मॅडमनी भाऊंना तो असा समजावून सांगितला.

"भाऊ, वर्गात पहिला पोरगा सगळ्यांना माहीत असतो. शेवटचाही माहीत असतो. मधल्या चाळिसांचं काय?"

"मधले मधलेच असतात."

"बरोबर. त्यांचे मार्क सारखेच असतात, एखाददुसऱ्याचा फरक. तेवढ्यानेच नंबर दहा-पंधराने वर जातो नाहीतर खाली येतो. ही दोन्ही विद्यापीठं त्या मधल्या गर्दीतली आहेत. या वर्षी एक वर आहे, पुढच्या वर्षी दुसरं असेल. या नंबरावर मुलीची दोन वर्षं ठेवू नका."

भाऊंनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग त्यांनी खरं कारण सांगितलं.

"मॅडम, वर्कशॉपमधल्या पोट्ट्यांनी फ्लेक्स बनवून टाकला. प्रज्ञाचा फोटो, खाली काचेचं नाव. विहाराच्या चौकात उद्या लावून राहिले. मी नाही म्हटलं असतं, पण त्यांनी मले विचारलंच नाही."

प्रज्ञाने डोळे मिटले. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. भाऊ रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमध्ये आहेत, मालगाडीचे डबे दुरुस्त करतात. त्यांच्या वस्तीत कोणाचं पोर पुढे शिकायला निघालं की चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर विद्यापीठाचं नाव पोराच्या नावापेक्षा मोठं असतं. येणारी-जाणारी आई आपल्या पोराला तो दाखवते. ही लहान गोष्ट नाही. आमच्याही पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, असे फ्लेक्स मी थांबून पाहते.

मॅडमनी फ्लेक्सचा विषय बाजूला ठेवला. त्यांनी प्रज्ञाकडे वळून विचारलं, "तुला काय शिकायचं आहे?"

प्रज्ञा इथल्या हिंदी शाळेत शिकलेली, ती हळूच हिंदीत म्हणाली, "धान की जड़ के पास जो बैक्टीरिया रहते हैं, मॅम. उस पर."

"मग आपण रिसर्च बघू."

रिसर्च मोजायची एक रीत आहे. शिक्षक नवीन काही शोधतो, ते छापतो. पुढे दुसरा कोणी त्याच्या कामाचा आधार घेतो आणि याच्याकडून घेतलं असं लिहितो. त्याला सायटेशन म्हणतात. मला मॅडमनी हे सांडग्यांवरून शिकवलं होतं. माझ्या हातचे सांडगे शेजारणीने केले आणि चारचौघींत माझं नाव सांगितलं, तर ते माझं एक सायटेशन.

मॅडमनी स्क्रीन भाऊंकडे वळवली. काचेच्या विद्यापीठाचं छापून आलेलं काम खूप होतं. मॅडमनी ते विभागाप्रमाणे वेगळं केलं. बहुतेक सगळं इंजिनीअरिंगचं निघालं. मायक्रोबायोलॉजीत दोनच शिक्षक होते आणि दोघेही नवे. जुन्या विद्यापीठाचं काम एकूण कमी होतं, पण त्यात धानाच्या मुळांवरचं एका सरांचं काम वर्षानुवर्षं सलग दिसत होतं.

"भाऊ, हॉटेल मोठं आहे, पण तुम्हाला पाहिजे ती भाजी तिथे होत नाही," मॅडम म्हणाल्या.

"हे कागदावरचं मले नाही समजत, मॅडम. नोकरीचं सांगा. काचेचे म्हणतात, जवळपास सगळ्या पोट्ट्यांले नोकरी लागते. ब्रोशरवर छापलं आहे. जुन्याच्या ब्रोशरवर नोकरीचा एक शब्द नाही."

इथे कोणी दुसरा असता तर त्याने भाषण दिलं असतं. मॅडमनी स्क्रीन बाजूला सारली. मग त्यांनी भाऊंनाच प्रश्न विचारला.

"तुम्ही गाड्या दुरुस्त करता ना? एखादं वर्कशॉप चांगलं की वाईट, हे तुम्ही कशावरून ठरवता? बाहेरच्या रंगावरून?"

"काहून? रंग तर सगळेच मारतात." भाऊ सावरून बसले. आपल्या कामाचं निघालं तसा त्यांचा आवाज बदलला. "वॅगन दुरुस्त होऊन बाहेर गेली की तिच्या अंगावर शॉपचं नाव आणि तारीख लिहून देतो आम्ही. ती वेळेआधी सिक झाली, म्हणजे बिघडून लाइनवरून काढावी लागली, की नाव वाचून लोक विचारतात, कोणत्या शॉपनं केली? गाडी बाहेर कशी चालून राहिली त्यावर शॉपची इज्जत."

"आणि जी गाडी दुरुस्तीला आली आणि यार्डातच उभी राहिली, बाहेर गेलीच नाही, ती?"

"तिले कोण मोजते? रिपोर्टात गेलेल्याच गाड्या..." भाऊ थांबले. त्यांनी काचेचं ब्रोशर उचललं, डोळ्यांजवळ नेलं. खाली अगदी बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती इंग्रजीत होती, म्हणून त्यांनी ती प्रज्ञाकडे दिली. प्रज्ञाने वाचून सांगितलं की हा हिशेब फक्त प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलेल्या मुलांचा आहे.

"म्हणजे उभ्या गाड्या सोडून," भाऊ म्हणाले.

मी पडद्याआडून मॅडमकडे पाहत होते. त्यांना ती ओळ आधीच माहीत असणार. त्यांनी ती भाऊंनाच शोधू दिली.

"मग फोन लावा," भाऊ म्हणाले. "दोघाइले लावा. मी विचारतो."

"दीदी, कूलर बंद कर," मॅडम म्हणाल्या. कूलरच्या आवाजात स्पीकरवरचं ऐकू येत नाही. मी बटण बंद केलं आणि फोन टेबलाच्या मधोमध धरून उभी राहिले, कारण तो आडवा ठेवला की आवाज दबतो. थोड्याच वेळात आम्ही चौघं घामाने निथळलो.

आधी काचेचं. पहिल्याच रिंगला फोन उचलला. मुलीचा आवाज फार गोड होता.

"मायक्रोबायोलॉजीतून पास होऊन गेलेले पोट्टे आता कुठे आहेत? एकाशी बोलायचं आहे," भाऊ म्हणाले. मग तेच हिंदीत सांगितलं.

"सर, हमारा प्लेसमेंट रिकॉर्ड बहुत अच्छा है. आप ब्रोशर देखिए."

"ब्रोशर मेरे हात में ही है, बेटा. एक बच्चे का नाम बताओ."

"सर, डेटा प्लेसमेंट सेल के पास रहता है. आपको कॉल बॅक आएगा."

"आज पाँच के पहले?"

"सर, ॲडमिशन आप अभी कन्फर्म कर सकते हैं."

भाऊंनी फोन ठेवायची खूण केली. त्या मुलीवर ते चिडले नाहीत. "तिची काही चूक नाही. तिले जेवढं दिलं तेवढं बोलली," म्हणाले.

जुन्याचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला, तेव्हा एका बाबूने उचलला आणि बाजूला ठेवून दिला. लांबून चपलांचा आवाज येत होता. भाऊ घड्याळाकडे बघत होते. शेवटी एक सर आले. आवाज कंटाळलेला होता. ते विभागाचे प्रमुख होते आणि धानाच्या मुळांवर काम करणारेही तेच होते.

भाऊंनी तोच प्रश्न विचारला. तिकडे शांतता झाली. मला वाटलं फोन कटला.

"रुको, याद करने दो," सर म्हणाले. मग एकेक सांगू लागले. एक मुलगा बियाण्यांच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे. एक मुलगी इथेच पीएचडी करते. एक शाळेत शिकवते, जंतूंचं काम सुटलं तिचं. एकीचं लग्न झालं, नोकरी नाही. एक हुशार मुलगा होता, घरी बसून परीक्षा देतो, अजून काही झालं नाही. "उसका मुझे बुरा लगता है," ते म्हणाले. "और सुनिए, लैब की एक मशीन बंद पड़ी है. बाद में मत बोलना कि बताया नहीं."

"कब चालू होगी?"

"कागज़ गया है ऊपर."

भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "हमारे यहाँ भी सर, ऐसा ही है."

सरांनी बियाण्यांच्या लॅबमधल्या मुलाचा नंबर दिला. तो जेवायला बसला होता, तरी बोलला. सर कडक आहेत, रविवारीही बोलावतात, पण हात धरून शिकवतात, असं त्याने सांगितलं. त्याला आधी कोणी काही सांगून ठेवलेलं नव्हतं, हे त्याच्या तोंडातल्या घासावरून कळत होतं.

मी फोन खाली ठेवला. माझा हात अवघडला होता.

भाऊंनी काचेचं ब्रोशर उलटं ठेवलं. "त्या सरनं उभ्या गाड्याही सांगितल्या," ते म्हणाले. मग लगेच, "पण चौकात काय सांगू? जुन्याचं नाव कोणाले माहीत नाही."

आता मॅडम बोलतील असं मला वाटलं. त्या प्रज्ञाकडे पाहत राहिल्या. प्रज्ञा ओढणीचं टोक पिळत होती.

"बाबा," ती म्हणाली, "सर ने वो लड़का बताया ना, जो घर पे बैठा है. मैं भी वैसी हो सकती हूँ. फिर भी मुझे वहीं जाना है. उनको उसका नाम याद था."

मॅडमनी जुन्या विद्यापीठाचा फॉर्म उघडला आणि बटण दाबलं. जागा पक्की करायला ओटीपी लागतो, म्हणजे मोबाइलवर येणारा गुप्त आकडा. तो भाऊंच्या मोबाइलवर येणार होता. मोबाइल वाजला. भाऊंनी तो हातात घेतला आणि नुसते बघत बसले. ओटीपी थोड्या वेळात रद्द होतो. मॅडमनी घाई केली नाही, हात कीबोर्डवर ठेवून वाट पाहिली. माझ्याने तेवढा धीर धरवला नसता.

"लिहा," भाऊ म्हणाले आणि आकडे वाचून दाखवले.

मी कूलर चालू केला. जाताना भाऊंनी मॅडमना हात जोडले आणि मलाही. मी गडबडीने कप उचलले.

फ्लेक्सचं भाऊंनी पुढे सांगितलं. शॉपमधले पोट्टे रुसले. नवा फ्लेक्स करायला कोणी तयार होईना. शेवटी जुन्याच फ्लेक्सवर एकाने ब्रशने नाव बदललं, वॅगनवर लिहितात तशा जाड अक्षरांत, आणि सवयीने खाली तारीखही टाकली. तो तसाच चौकात लागला.

प्रज्ञा आता तिथे आहे. ती मशीन अजून बंद आहे. सर रविवारीही बोलावतात. तिचा पहिला रिपोर्ट त्यांनी दोनदा परत केला, तिसऱ्यांदा घेतला. फोनवर ती आता आधीपेक्षा मोठ्याने बोलते.

तेव्हापासून मॅडमनी ऑफिसात एक काम वाढवलं. विद्यापीठ सुचवण्याआधी त्या विभागाला फोन करायचा आणि गेलेल्या मुलांबद्दल विचारायचं. हे काम माझ्याकडे दिलं. मी नाही म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "समोर माणूस दिसत नाही दीदी, लाजायचं कोणाला?" ते खरं निघालं.

एवढ्या फोनांनंतर माझ्या लक्षात आलेलं असं की, विचारल्याबरोबर जे धडाधड सांगतात त्यांचं ब्रोशर पुन्हा एकदा वाचावं, बारीक अक्षरांसकट. जे "थांबा, आठवू द्या" म्हणतात, त्यांच्यासाठी फोन धरून ठेवावा. हात अवघडतो, पण धरावा.