निर्माल्याची पिशवी

पिशवीचा बंद माझ्या मनगटाला दोन वेढे घालून होता आणि पिशवी मगरीच्या तोंडात होती. मी चिखलात गुडघ्यांवर. मागून नऊ वर्षांच्या नातीने माझा पदर दोन्ही हातांनी धरला होता आणि ती ओरडत होती, "आजी, सोड! आजी, सोड ना!" सोडता आली असती तर सोडलीच असती. बंद मीच शिवला होता, जुन्या पँटच्या कापडाचा. तो तुटणारा नव्हता. मगर मागे सरली. मी कोपरापर्यंत पाण्यात गेले आणि माझ्याबरोबर नातही हातभर पुढे आली.

पोरीने पदर सोडावा एवढेच मला हवे होते. ती सोडत नव्हती.

हे विश्वामित्री नदीच्या काठावर, भर सकाळी. आम्ही तिथे का होतो ते सांगते.

रावपुऱ्यात आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. डभोईची, गुजराती. नदीतल्या मगरींचा अभ्यास करते. अर्धे मराठी, अर्धे गुजराती बोलते आणि मला बा म्हणते, म्हणजे आई. पहिले सहा महिने आमचे बोलणे एकाच विषयावर झाले, तिच्या बुटांचा जिन्यात पडलेला चिखल.

नातीला शाळेत शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. तिने दाढीवाला माणूस काढला, पांढरा कोट, हातात काचेची बाटली. वरच्या मुलीने ते पाहिले आणि म्हणाली, "बा, हिला एकदा माझ्याबरोबर पाठवा. नाहीतर मोठी होऊन बाटलीच शोधत बसेल."

गल्लीतली आणखी चार मुले तयार झाली. त्यांच्या आयांनी अट घातली की घरचे मोठे कोणीतरी बरोबर हवे. सगळ्यांना नोकऱ्या, म्हणून मी गेले. मी चौथी शिकलेली. शास्त्रज्ञ दिवसभर काय करतात हे मलाही पाहायचे होते. तसे मी कोणाला बोलून दाखवले नाही.

काठावर वरच्या मुलीने सगळ्यांना उभे करून सांगितले, "पाण्यापासून दहा पावलं लांब. मी हात वर केला की पुतळा व्हायचं. आणि वहीत दिसेल तेच लिहायचं, वाटेल ते नाही."

पहिला तासभर काही दिसले नाही.

"मगर क्यां छे?" एकाने विचारले.

"असेल कुठेतरी."

"मग आपण काय करतोय?"

"काम."

तिने वहीत वेळ लिहिली, ऊन किती ते लिहिले, पाणी कुठवर आहे ते लिहिले आणि पुढे लिहिले, मगर नाही.

"नाही दिसली तेही लिहायचं?" नातीने विचारले.

"ते तर लिहायचंच. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, ही आज आलीच नव्हती."

मग मगरीची वाळलेली पांढरी विष्ठा सापडली. तिने ती चमच्याने उचलून पिशवीत भरली, दोरी बांधली आणि कमरेच्या चाकूने उरलेली दोरी कापली.

"छी! शास्त्रज्ञ म्हणजे शी गोळा करणारी?"

"हो. चल, चमचा धर."

मग पाचही जणांना चमचा हवा होता. भांडणे झाली. मी दोघांना धपाटे घातले.

आता माझे. नदीवर जायचेच आहे म्हणून मी घरून आठ दिवसांचे निर्माल्य घेऊन आले होते. देवाची फुले कचऱ्यात टाकायची नाहीत, वाहत्या पाण्यात सोडायची, हे मी शाळेत जायच्या आधीपासून शिकलेले. दहा पावलांचा नियम मुलांसाठी आहे असे मी धरून चालले. ती मुलगी पाठमोरी होऊन मुलांना पावलांचे ठसे मोजायला शिकवत होती, तेवढ्यात मी खाली उतरले. घसरण होती म्हणून बंद मनगटाला गुंडाळला, एका हाताने गवत धरले आणि पिशवी पाण्यात बुडवली.

नात मागून धावत आली ती मला अडवायला. "आजी, दहा पावलं!" तिचे हे बोलणे पुरे व्हायच्या आत पाणी फुटले.

वरची मुलगी ओरडली नाही. आधी तिने नातीला वेणीला धरून मागे फेकले. वेणी मी सकाळी घट्ट घातली होती, बरे झाले. मग ती पोटावर पडली आणि त्याच चाकूने बंद कापला. थोडे माझे मनगटही कापले. मला वर ढकलताना तिचा पाय दोन दगडांत अडकला आणि नडगीचे हाड मोडले. मगर झेंडूची फुले घेऊन गेली.

तिचा पाय प्लास्टरमध्ये, माझ्या हाताला चार टाके. संध्याकाळपर्यंत आयांचे ठरले होते की त्या बेनला अक्कल नाही, तिची वरपर्यंत तक्रार करायची आणि नदीवरचे काम बंद पाडायचे.

मी चारही घरी गेले. "नियम तिने घातला, मोडला मी. तक्रार करायची तर माझी करा."

"आजी, तुमच्या वयाकडे बघून काही बोलत नाही," एक जण म्हणाली.

"वयाकडे बघू नकोस. हाताकडे बघ. तिने कापला म्हणून जागेवर आहे."

वरच्या मुलीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने पलंगावर बसून वही काढली आणि काय काय झाले ते मला विचारून लिहिले. मी म्हटले, "म्हातारीला नियम सांगितला होता, हेही लिही."

"बा, राहू द्या ने."

"तूच म्हणालीस ना, झालं ते लिहायचं? लिही."

तिने लिहिले. मी खाली सही केली आणि ते पान घेऊन पुन्हा चारही घरी गेले. तक्रार झाली नाही.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही परत गेलो. चारच मुले आली. एक आई अजून पाठवत नाही, तिचा मला राग नाही. निर्माल्य आता घरी कुंडीत जाते. काठावर मी स्वतः दहा पावले मोजते आणि तिथे काठीने रेघ ओढते. रेघ ओलांडणाऱ्याला पहिला धपाटा माझा.

त्या सकाळी काठावर आम्ही सात जण होतो. पाच मुले, ती आणि मी. सातही जिवंत आहोत. मगरही आहे. तिच्या शेपटीवरचा एक काटा तुटलेला आहे, तशी नातीने वहीत नोंद केली आहे.