बंबवाल्या नानांचं ओलं गोणपाट

बंबवाले नाना कुणाच्याही घरी गेले की आधी खाली काय अंथरलंय ते बघायचे. गालिचा दिसला की त्याचा धागा उपटलाच म्हणून समजा. मग खिशातली काडेपेटी निघायची. धाग्याची राख झाली तर मान डोलवायचे. वितळून काळा टणक मणी झाला तर तो तळहातावर घेऊन घरभर दाखवायचे. उभा जन्म आगीच्या बंबावर गेलेला, खोड जाणार कुठे? नायगावच्या आमच्या चाळीत नाना येताना दिसले की बायका गालिचे गुंडाळून ठेवायच्या.

एका वर्षी आईने गणपतीसाठी लालभडक गालिचा आणला. मखरासमोर अंथरला आणि त्यावरच समई ठेवली. नानांनी पाहुण्यांदेखत धागा पेटवला नि म्हणाले, "वयनी, ह्यो गालिचो न्हय, मेणबत्ती आसा." हा पेटला की वितळून कातडीला चिकटतो, हेही सांगितलं. आईचा पारा चढला. सणासुदीला अभद्र बोलणाऱ्याने माझ्या घरात पाऊल ठेवायचं नाही, असं तिने तोंडावर सुनावलं.

नानांनी पाऊल ठेवलं नाही. पण रोज आरतीला उंबऱ्याबाहेर अनवाणी उभे, हातात ओलं गोणपाट. लोक हसायचे. मलाही लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या आरतीला, ताटातला जळता कापूर माझ्या धाकट्या बहिणीच्या पायाशी पडला. गालिच्याने भसकन पेट घेतला. आम्ही टाळ्या वाजवायचं थांबेपर्यंत नानांनी तिला बाजूला ओढलं होतं आणि गोणपाट टाकून ते त्यावर उभे होते. बहिणीला साधा चटकाही बसला नाही. तिला ओढताना नानांच्या टाचेला मात्र तो वितळलेला लाल गालिचा चिकटला. आईने माफी मागितली नाही, तिला ते जमतच नाही. जखम भरेपर्यंत रोज दुपारी त्यांचा पाय मांडीवर घेऊन ती मलम लावायची. चालताना नाना थोडे लंगडायचे, ते शेवटपर्यंत.

नाना गेले. चाळही गेली. यंदा टॉवरमधला आमचा पहिला गणपती. मखरासमोर नुसती फरशी, आणि आरतीआधी आईने गोणपाट भिजवून दाराबाहेर घडी घालून ठेवलं. नव्या शेजारीणबाई त्यावर पाय पुसायला गेल्या, तशी आईने त्यांचा हात धरला.

"तिथे नको. तिथे आमचे नाना उभे असतात."